टांगा छाप निघाली नेटवर

अहो,

सगळ्यात आधी कोण उगवलं असेल, सांगा बघू? हौसाक्का! आपल्या नातीनं, प्राजूनं, तिला "अकराला या" म्हणून सांगितलंतं. तर ही बाई शिरोळची पहिली एसटी धरून दारात हजर, मी अजून चूळ भरत होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वांग्यांची पिशवी. फाटकातनंच ओरडली, "मालन, उठलीस का न्हाय गं? कंपनीवालं पावणं आलं न्हवं?" झालं, अख्ख्या गल्लीला कळलं आपल्याकडं कंपनीवाले येणार ते.

मी म्हटलं, "आवाज गेला म्हणत होतीस की!"

"गाण्याचा गेलाय गं. भांडायचा हाय अजून."

तशीच आहे हो ती. तुमच्या नागपंचमीच्या कॅसेटवर गाणारी हौसाक्का. फक्त दात राहिले नाहीत, आणि अंबाड्याची सुपारी झालीय.

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा कधी गरजच पडली नाही. तुम्ही पुढं दुकानात, मी मागं स्वयंपाकघरात, हाक मारली की झालं. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातही निम्मी वर्षं भावंडं सांभाळण्यात गेली. अक्षराला हसू नका. पण आज जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैनच पडेना. दुसऱ्या कुणाला सांगू? ज्याची गोष्ट त्यालाच सांगायला नको?

आपली टांगा छाप पुन्हा निघाली! कॅसेटवर नाही हो. नेटवर!

तुम्ही गेलात तेव्हा दुकानात सगळं सीडीचं राज्य आलंतं. कॅसेट कुणी फुकटसुद्धा नेत नव्हतं. तुमचे खोके मी माळ्यावर टाकले, वर सतरंजी टाकली. मला वाटलं, संपलं सगळं. पण आपल्या लेकाची पोरगी, प्राजू, तुमच्याच वळणावर गेलीय बघा! पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. तिथं राहूनसुद्धा फोनवर "आजी, मी जेवलो" आणि "मी आलो" म्हणते, कोल्हापूर काही सोडलं नाही पोरीनं. मागं दिवाळीला आली, माळ्यावर चढली आणि तुमच्या टेपा घेऊनच खाली उतरली. तोंडावर ही जळमटं! म्हणाली, "आजी, हे असं कुजवत ठेवायचं न्हाय. जगात जाऊ दे की!"

म्हणजे कसं, मलाही नीट कळलं नव्हतं. आता कळलंय, तुम्हाला सांगते. टेपवरची गाणी कॉम्प्युटरात घ्यायची. मुंबईची एक कंपनी ती नेटवरच्या दुकानांत पोचवते. तिथनं लोक मोबाईलवर उतरवून घेतात, दुबईतला माणूससुद्धा. पण त्याआधी त्या कंपनीकडं आपल्या टांगा छापचं खातं उघडायला लागतं. नाव काय, चित्र काय, मालक कोण, सगळं भरायचं. प्रत्येक गाण्याला वेगळा नंबर पडतो. मामंजींच्या टांग्याला बिल्ला होता ना नंबरचा, तसाच! एका गाण्याचा दुसऱ्याला चालत नाही.

चित्रावरनं तर काय हसलो आम्ही! त्यांना चित्र चौकोनी लागतं, चारी बाजू सारख्या. आपला टांगा पडला आडवा. घोडा बसवावा तर चाक बाहेर, चाक आत घ्यावं तर घोड्याचं तोंड कापलं जातंय. प्राजूनं शेवटी घोड्याला जरा मागं वळून बघायला लावलं. आता तो टांग्यात कोण बसलंय ते बघतोय असं दिसतं. छान दिसतो हो!

मालकाच्या जागी मी म्हटलं, "तुझ्या आजोबांचं नाव घाल." तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "आजी, तिथं हयात माणूस लागतो." आणि माझं नाव घातलं. मालन मारुती, मालक. तुम्ही मला दुकानाच्या गल्ल्यावर कधी बसू दिलं नाहीत, आणि आता बघा! हसू आलं मला!

तर आज तो कंपनीचा मुलगा आला, समीर. कोवळा आहे, पण बोलायला गोड. हौसाक्कानं आल्या आल्या त्याला विचारलं, "पावणं, माझं गाणं कवा लागायचं? माझी नात दुबईला दिली हाय. तिला पंचमीला म्हायेरी येता येत न्हाय. पंचमीच्या आत ऐकू गेलं पायजे बघा."

समीर म्हणाला, "मावशी, त्यासाठीच आलोय. तुम्ही पाठवलेली गाणी आमच्याकडनं परत आलीत."

"परत? का? सूर बिघडलाय का काय?"

"सूर चांगलाय. पण प्रत्येक गाण्याच्या आधी एक गृहस्थ बोलतायत. दुकानाचा पत्ता सांगतायत, कॅसेट घ्या म्हणतायत. जाहिरात असलेलं गाणं आमच्याकडं चालत नाही. तेवढं कापायला लागेल."

गृहस्थ! अहो, तुम्ही हो ते!

आठवतंय का सगळं? यात्रेत लोक आपल्या कॅसेटची नक्कल करून विकायचे, म्हणून तुम्ही ही युक्ती काढली. नुसतं कॅसेटच्या सुरुवातीला नाही, प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला बोलायचं. नक्कल केली तरी नक्कल करणाऱ्याच्या टेपवर तुम्हीच बोलणार! आधी जिभेनं घोड्याच्या टापा काढायच्या, टकटक टकटक. आणि मग, "टांगा छाप कॅसेट, गंगावेस, कोल्हापूर. गाणं म्हणतायत हौसाक्का आणि मंडळी. खोक्यावर टांगा बघूनच घ्या, पावणं!" आणि परत टकटक. मी चिडायचे. म्हणायचे, गाणं ऐकायचं का तुमची बडबड? तुम्ही म्हणायचा, "मालन, गाणं तिचं, पण टांगा माझा हाय."

आता खरं सांगू? गेली काही वर्षं मी दुपारी जेवणं आवरली की तीच टेप लावते. गाण्यासाठी नाही. तुमचं बोलणं आलं की थांबवते, मागं फिरवते, परत लावते. त्या जागी टेप इतकी झिजलीय की तुमचा आवाज पाण्यातनं आल्यासारखा येतो. "बघूनच घ्या, पावणं" म्हणता तुम्ही, आणि मी खुळ्यासारखी "घेते की" म्हणते. एवढी वर्षं आवाजाचा धंदा केलात, जगाचे आवाज टेपवर घेतलेत, आणि माझ्यासाठी म्हणून एक शब्द ठेवला नाहीत हो! एक "मालन" सुद्धा नाही. आहे ते सगळं गिऱ्हाइकाशी बोलणं. मग मीच गिऱ्हाईक होते. काय करू?

प्राजूनं कॉम्प्युटरवर दाखवलं. गाण्याचं चित्र उमटतं तिथं, डोंगररांगेसारखं. पुढं हौसाक्काचे मोठे मोठे डोंगर, आणि त्यांच्या अलीकडं एक बारकी टेकडी. म्हणाली, "हे आजोबा." टेकडीएवढेच उरलात!

मी म्हटलं, "कापायचं नाही."

"आजी, मूळ आहे तसं मी वेगळं ठेवलंय. कुठं जात न्हाय ते."

"ते घरात राहील. जगात जाईल त्यात ते नसतील. टांगा छाप जाणार आणि टांगेवालाच मागं राहणार, हे कसलं गं?" आणि मला एकदम सुचलं, "शिवाय ही पंचमीची गाणी आहेत. पंचमीला विळीला हात लावत नाही आपण. चिरायचं नाही, कापायचं नाही!"

"आजी, आज पंचमी न्हाय की गं!"

समीर बिचारा कधी तिच्याकडं बघतोय, कधी माझ्याकडं. पण हौसाक्काकडं माझी नजर गेली आणि माझीच मान खाली गेली. हौसाक्का गप्प! काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसलेली. आता तिचा आवाज राहिला नाही. तिच्या नातीला ऐकवायला तिच्याकडं दुसरं आहे काय? मी तुम्हाला धरून बसले, तर तिचं गाणं माळ्यावरच राहणार. तुम्ही असता तर काय केलं असतंत? मला ठाऊक आहे, गाण्यासाठी स्वतःलाच कापलं असतंत. म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

मी म्हटलं, "काप बाई." आणि पदर तोंडाला लावला.

प्राजूनं एक बटण दाबलं. टेकडी गेली. इतक्या सहज! "एकदा ऐक तरी," म्हणून तिनं गाणं लावलं. हौसाक्काचा आवाज आला, तरणा, खणखणीत. पहिलीच ओळ, आणि अहो... खालनं टकटक टकटक टकटक.

मी म्हटलं, "थांब! परत लाव."

तिनं परत लावलं. पुन्हा टकटक. तिनं ते कानावर लावायचं घातलं आणि तिचे डोळे मोठे झाले. दुसरं गाणं, तिसरं गाणं, सगळीकडं तुम्ही! बोलणं गेलं, पण टापा हौसाक्काच्या आवाजाखालनं चालल्यात, पार शेवटच्या ओळीपर्यंत. मी एवढी वर्षं तुमचं बोलणं संपलं की टेप थांबवत आले, पुढचं कधी नीट ऐकलंच नाही!

हौसाक्काला कसलंच नवल नाही. म्हणाली, "मग? त्यांच्या टकटकीवरच तर पाय उचलायचो आम्ही! तुझ्या त्या वाकळा गं, मालन!"

मला लख्ख आठवलं. आवाज घुमू नये म्हणून तुम्ही मागच्या खोलीत भिंतीला जुन्या लुगड्यांच्या वाकळा बांधायचा. फेराची गाणी घेतलीत त्या दिवशी जमिनीवरही अंथरल्यात, माझ्या बाळंतपणातल्यासुद्धा. कुकर लावायचा नाही, दूधवाल्यानं हाक मारायची नाही, मी फाटकात पहाऱ्याला. पंचमीच्या फेराला ना ढोलकी ना पेटी, पायाचा दणका हाच ताल. आणि वाकळांवर पाय वाजेनात! बायका फेर धरायच्या आणि एक पुढं, एक मागं. सगळ्या हसत सुटायच्या. मग तुम्ही माइकशेजारी उभं राहून जिभेनं टापा दिल्यात, फेर संपेपर्यंत. मी फाटकात होते हो. मला आत काय चाललंय ते कसं कळणार?

समीरनं विचारलं, "हा आवाज काढता येईल का?"

प्राजू म्हणाली, "न्हाय येत. माइक एकच होता. काढायचा तर हौसाक्कापण जातील." आणि हसायला लागली, डोळे पुसत पुसत.

"नाही, राहू दे," समीर म्हणाला, "ही काही जाहिरात नाही, हा ठेका झाला." आणि मग त्यानंच सांगितलं, गाण्यात कोण कोण आहे ते भरायला जागा असते. गाणारं कोण, वाजवणारं कोण. तिथं माणूस हयात लागत नाही!

"वाद्य काय लिहू?"

"जीभ लिवा की!" हौसाक्का ओरडली.

त्याच्या यादीत ढोल होता, झांज होती, परदेशातलं कायकाय होतं, जीभ नव्हती. शेवटी "इतर ताल" असं घातलं. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "आजोबांचं नाव?" प्राजूला काय ठाऊक नव्हतं? पण तीही माझ्याकडंच बघत राहिली. लग्न होऊन आले तेव्हापासून उखाण्याबाहेर तुमचं नाव मी तोंडातनं काढलं नाही. आज सरळ म्हटलं, "मारुती."

"अगं बया!" हौसाक्का म्हणाली. "एवढ्या येळात यायचं हुतं व्हय तोंडात!"

गाणी पाठवायचं बटण मीच दाबलं. मालक कोण आहे शेवटी! मग हौसाक्काच्या वांग्यांची भाजी केली, भाकऱ्या केल्या. समीरनं रस्सा ओरपला आणि कान लाल करून घेतले. मुंबईचं पोरगं ते!

बाकी ठीक आहे. गुडघा दुखतो, पण चालतंय. आज दुपारी पहिल्यांदाच टेप न थांबवता पुढं ऐकली, अख्खी. तुम्ही कुठंच थांबला नाहीत हो. एका गाण्यात तर मधेच तुम्हाला हसू आलंय, टाप चुकलीय, आणि परत धरलीय. कुणाला हसलात? सांगाल का कधी?

हौसाक्कानं काठी आपटून सांगितलंय, गाणं लागलं की या अंगणात फेर धरायचा. दात नसले म्हणून काय, पाय आहेत की! मी त्या दिवशी आत नव्हते, फाटकात होते. आता शब्द देते तुम्हाला. या वेळी मी फेरात असेन, आणि तुमच्या टापेवरच पाय टाकीन. गुडघा राहो नाहीतर जावो. तुम्ही तेवढा ताल सोडू नका.

पंचमीला पुरणाची दिंडं करणार आहे. त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, विळी धरायची नाही, सगळं उकडलेलं. समीर त्याच्या आईला घेऊन येतो म्हणालाय. हौसाक्का तर आदल्या रात्रीच येईल, मी ओळखून आहे.

पंचमीला यायचं कबूल केलंय सगळ्यांनी.

तुमचीच,
मालन
(टांगा छापची मालक)