धुराडं उंच केल्याची हकीकत

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल. तुमचा खोकला, मामींचा गुडघा आणि तळ्यातले मासे कसे आहेत? (मासे मेल्याचं कळलंय, पण विचारायची रीत म्हणून विचारलं.)

पत्रात तुम्ही मला 'नालायक' म्हणालात, तो वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद समजून घेतला. पण माझीही बाजू ऐका. आमच्या कारखान्याचा धूर पूर्वी इथल्याच गल्लीत उतरायचा. शेवटी बायका थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या. एकीने तर काळी पडलेली चादर त्यांच्या टेबलावरच अंथरली. साहेबांनी समिती नेमली. समितीने तीन महिने चहा पिऊन दोन उपाय सुचवले : धूर धुऊन सोडायचं यंत्र बसवा, नाहीतर धुराडं उंच करा. यंत्र महाग, म्हणून धुराडं दुप्पट उंच करायचं काम भट्टीचा मुकादम या नात्याने माझ्याकडे आलं. ते मी इतकं चोख केलं की तपासनीस खाली उभा राहून नुसता हुंगत बसला आणि 'हवा शुद्ध' असा दाखला देऊन गेला. (वर बघितलं असतं तर टोपी पडली असती.) माझा सत्कारही झाला.

धूर जातो कुठे, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. परवा कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावलं, की कोळशातलं गंधक धुराबरोबर वर जातं, ढगातल्या पाण्यात मिसळून त्याचं आम्ल होतं आणि वारा नेईल तिथे पावसातून पडतं. आता वारा तुमच्याच गावाकडे वाहतो, त्याला मी काय करणार? तुम्ही आम्ल मारायला तळ्यात पोतीच्या पोती चुना ओतताय आणि मामी म्हणतात, "रोग रेड्याला न् औषध पखालीला." मामींचं बोलणं झोंबलं, पण खोटं नाही. त्याच तळ्यात तुम्ही मला पोहायला शिकवलंत. खरंच वाईट वाटलं, मामा.

तुमचा,
भाचा

ता. क. : सोबत कारखान्याचा फॉर्म जोडला आहे. 'मासे वयोमानाने वारले' या ओळीखाली सही करून उलटटपाली धाडा. माझी बढती तेवढ्यावर अडली आहे.

पुन्हा ता. क. : सुट्टीत मुलांना तुमच्याकडे पाठवतोय. विहिरीचं पाणी त्यांना पाजण्याजोगं आहे का, ते खरं खरं कळवा. फॉर्मवर लिहाल ते नको.