प्रमुखांच्या घरचा आरोग्य सप्ताह

५ जुलै
कारखान्याच्या महिला आरोग्य सप्ताहाचा प्रमुख म्हणून साहेबांनी माझी निवड केली. बायकांचं दुःख कळायला काळीज लागतं, ते माझ्यात आहे. कमिटीत आम्ही सगळे पुरुषच. बायकांना घेणार होतो, पण मीटिंग संध्याकाळी सातला, तेव्हा त्यांना घरी स्वयंपाक असतो. त्यांचाच विचार केला.

६ जुलै
घोषवाक्य सुचलं: 'आधी तिचं ताट, मग आपलं!' माझ्याच अंगावर काटा आला. लगेच घरी अंमलबजावणी. बायकोला म्हटलं, आज तू आधी जेव. बसली बिचारी. पण मग मला गरम गरम वाढणार कोण? दुसऱ्या घासाला उठवावं लागलं. प्रयोग सप्ताहानंतर.

८ जुलै
बायको म्हणते, जिना चढताना चक्कर येते, एकदा डॉक्टरांना दाखवू या. नेमकं आत्ताच! इथे माझ्या डोक्यावर अख्ख्या कारखान्यातल्या बायकांची तपासणी. म्हटलं, सप्ताह होऊ दे. समजूतदार आहे, गप्प बसली. मुलगी नाही बसली. म्हणे, दादाला शिंका आल्या तर तुम्ही रजा टाकलीत. अगं, त्याची परीक्षा होती. तिचीही होती म्हणे. असेल.

११ जुलै
उद्घाटन. भाषण झकास. 'भगिनींनो, थकवा अंगावर काढू नका' याला टाळ्या. पाहुण्यांचं खाणं घरूनच नेलं. बाहेरचं कशाला, आरोग्याचा प्रश्न आहे. बायको पहाटेपासून ओट्यापाशी उभी होती. भाषणात तिचे आभार मानणार होतो, वेळ पुरला नाही.

१२ जुलै
बायको जिन्यात चक्कर येऊन पडली. हातात माझा इस्त्रीचा शर्ट होता. शर्टाला काही झालं नाही. हॉस्पिटलात नेमक्या काल उद्घाटनाला पाहुण्या म्हणून आलेल्या डॉक्टरीणबाई. म्हणाल्या, अंगात रक्तच नाही, चढवावं लागेल. चक्कर कधीपासून येते, जेवण काय असतं, सगळं मलाच विचारत होत्या. मी मुलीकडे पाहिलं. तिने सांगितलं. जरा जास्तच सांगितलं.

१४ जुलै
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी यांची काळजी कोण घेणार? मी छाती काढून म्हणालो, "मी आहे ना."
दोन दिवस न बोललेली बायको हसायला लागली. सलाईनची नळी हलेपर्यंत हसली. मग माझ्याकडे न बघता डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मला माझ्या ताईकडे पाठवा. तिथे झोपायला मिळतं."
आपल्या घरी तुला कोण झोपू देत नाही, असं विचारणार होतो. धीर झाला नाही.