नंदाच्या वहीतलं कात्रण

१२ जून १९८४, मंगळ.
आमच्या पेपरच्या नागपूर डेस्कविरुद्ध अग्निसाक्षीने तक्रार नोंदवतो. केळझरच्या पाणीटाकीच्या उद्घाटनाची बातमी धाडली होती. पाचही विशेषणं कापली. 'जनजीवनसंजीवनी' गेली, 'टाकी' राहिली. संस्कृत घेऊन बी.ए. झालो, वीस वर्षं वार्ताहरकी केली, ती टाकीला टाकी म्हणायला? सौ. म्हणे, "मंग काय म्हणता टाकीले?"

१४ जून, गुरु.
बारावीचा निकाल. शेजारच्या शंकररावांची नंदा दोन विषयांत नापास. शंकरराव ओसरीत उभे राहून, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं, "नाक कापलं आमचं!" नाक शाबूत होतं, मी पाहिलं. पोरगी दाराआड.

सायंकाळी ती माझा संस्कृत शब्दकोश घेऊन आली. दहावीला मीच दिलेला.
"घ्या काका. मले नाई लागत आता."
म्हटलं, "ठेव गं. स्वर्गात देव संस्कृतच बोलतात, तिथं लागेल."
हसली नाही. माझा विनोद सहसा इतका पडत नाही.

१६ जून, शनि.
कॉलेजात नापासांसाठी व्याख्यान, 'विद्यार्थी आणि मनोबल'. हार, नारळ, शाल. वक्ते नागपूरचे. "जीव देणं हा शुद्ध भ्याडपणा!" टाळ्या. प्राचार्य उठून, "आमच्या कॉलेजात असं कोणीच नाई." तिसऱ्या रांगेत नंदा, मान खाली. शिसारी आली. आणि मी मात्र इमानाने टिपून घेत होतो.

बाहेर मानसशास्त्राच्या मेश्राम बाई भेटल्या. त्यांचा 'मार्गदर्शन कक्ष' म्हणजे सायकल स्टँडमागची अडगळ. मोडकी बाकं, त्यातली दोन बसण्याजोगी. पोरं येतात ती प्राचार्यांची नजर चुकवून. त्यांना गंमत म्हणून कोशाचा किस्सा सांगितला. हसल्या नाहीत.
"भाऊ, आणखी काय काय देऊन राह्यली ती?"
आठवलं. सौ.ला शिवणाचा डबा. धाकट्या बहिणीला मनगटातलं घड्याळ.
"तिले सरळ विचारा. जीव द्यावासा वाटते का म्हणून."
"म्हणजे नसलेलं तिच्या डोक्यात घालू?"
"विचारल्यानं आत जात नाई, भाऊ. असलं तर बाहेर येते. उपदेश नका करू, ऐका. हो म्हणाली तर एकटी सोडू नका अन् मले बोलवा. आजच विचारा."
आज शंकररावांकडे पाहुणे. हिंमत झाली नाही.

१७ जून, रवि.
सकाळपासून शब्द जुळवत होतो. 'देहत्याग', 'आत्मघात'. सगळे सोवळ्यातले, सगळे पळपुटे. शेवटी ती विहिरीवर... नाही, ओसरीवर एकटी दिसली, आणि वऱ्हाडीतच निघालं.
"नंदे, जीव द्यावासा वाटते काय तुले?"
मांडीवरची वही तिने मिटली. मग, "हो, काका."

त्याच वहीतून तिने कात्रण काढलं. गेल्या वर्षीची वडनेरच्या मुलीची बातमी. माझी. 'अकाली खुडलेली सुकुमार कलिका', 'अश्रूंत न्हालेलं अवघं गाव'. डेस्कने एक अक्षर कापलं नव्हतं.
"तुमीच लिवली ना? जिती होती तवा तिले कोणी विचारलं नसन. मंग सारा गाव रडला."
"गाव रडला नाही, नंदा. बाजाराचा दिवस होता. दुपारी गाव बाजारात गेला. तिची आई तेवढी अजून कोणाशी बोलत नाही. बाकी मी रचलं."
मला माझ्या भाषेची किळस आली. थुंकावं तर कुठे?

सौ. तिच्याजवळ बसली. मी सायकल काढून बाईंकडे.

त्याच दिवशी, नंतर.
बाई दीड तास बसल्या. "असं करू नये" एकदाही म्हणाल्या नाहीत. विचारलं, कधीपासून वाटते, केव्हा जास्त वाटते, तेव्हा कोणाजवळ जाशील? नावं नंदालाच कागदावर लिहायला लावली. आई, बाई. तिसरा मी. वडिलांचं नाव नाही.
शंकरराव: "पण बाई, लोक काय म्हणतीन?"
"लोकाइचं मंग पाहू, दादा. आज पोरीजवळ बसा."
बसले. नाकाचा विषय निघाला नाही. बाईंनी सांगितलं तशा धोक्याच्या वस्तू त्यांच्या घरून माझ्या कपाटात, किल्ली सौ.च्या कमरेला. उद्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, बाई सोबत.

२५ जून, सोम.
परवा डेस्कचा ट्रंककॉल. सेलूकडची एक मुलगी गेली, जीव दिला. "नेहमीसारखं फुलवा, पंडितजी." दोन ओळी दिल्या. कसं, कुठे, काही नाही. शेवटी एक वाक्य: मन जड असेल तर कोणाशी तरी बोला, बाईंची खोली उघडी आहे.
आज छापून आलं. माझं वाक्य गायब. त्या जागी 'सुकुमार कलिका'. माझ्याच जुन्या बातमीतली. पाणीटाकीला विशेषण चालत नाही, पोरीच्या मरणाला चालतं. शी.

२ जुलै, सोम.
नंदा कोश मागायला आली. "नेऊ काय?" म्हटलं, ने. विनोद नाही केला.
"असे काऊन झाले काका तुमी? चिडवा ना."
हसली. ते हसू कसलं, मला ओळखता येत नाही. बाई म्हणतात, पुन्हा पुन्हा विचारत राहा. विचारतो. आज म्हणाली, "कमी हाये. गेलं नाई."

सजवून लिहीत नाही. वडनेरची ती बातमी आणखी किती पोरींच्या वह्यांत जपलेली आहे, मला माहीत नाही. मला त्याची भीती वाटते.