‘राहील’ म्हणाले बाबा

बुधवार, २५ मार्च

महिन्याच्या सुरुवातीला मी या डायरीत चुकीचं लिहिलंय. वर्ना आत्याच्या फोनवर बाबा ‘काहीच बोलले नाहीत’ — असं नाही झालं! बोलले ते. आत्याने विचारलं होतं, “एमोस, बेटाची फेरीबोट राहील ना? सांग, म्हणजे धक्क्यावरचं हॉटेल घेते.” बाबा हसले. “राहील गं. घे बिनधास्त.” फोन स्पीकरवर होता, मी समोरच बटाटे सोलत होते.

आत्याने मासेमारीची होडी विकली, हॉटेल घेतलं. काल बाबांनी संसदेत अर्थसंकल्प वाचला — फेरीबोटीचं अनुदान बंद. हिवाळ्यापासून बोट नाही. मी गॅलरीत होते. आधी टाळ्या वाजवल्या, मग काय ऐकलं ते कळलं.

गुरुवार, २६ मार्च

पेपरात बाबांचे बूट. अर्थमंत्र्याने अर्थसंकल्पाच्या दिवशी नवे बूट घालायचे, ही इथली रीत. ‘साधे, काटकसरी’ म्हणे. ऑटावाभर बुटांचंच कौतुक!

रविवार, २९ मार्च

आत्याचा फोन. वाटलं, रडेल.

“बाबावर चिडू नकोस हं, पोरी. ऐन वेळी वरच्यांनी गळ्यात मारलं असेल त्याच्या.”

“आणि हॉटेल?”

“हिवाळ्यात मी आणि समुद्रपक्षी! त्यांनाच भाडं लावते.”

मी हसले. का हसले?

बेटावर दहाव्या वर्षापर्यंत मला शाळा नव्हती. अक्षरं आत्याने शिकवली, गणित बाबांनी. मी खोटं बोलले की दोघंही एकच म्हणायचे — उभी राहा, पुन्हा सांग.

गुरुवार, २ एप्रिल

विचारलं शेवटी. बाबा मोजे काढत होते.

“गप्प बसलो असतो तरी ती ओळखती. ओळखणं म्हणजे अर्थसंकल्प फुटणं. राजीनामाच द्यावा लागला असता.”

“मग आता सांगा तिला. तिला वाटतंय, तुमच्या हातात नव्हतं.”

“वाटू दे,” म्हणाले. “तिलाही बरं, मलाही.”

खरं तर त्यांचा चेहरा फार थकलेला होता. तो पाहून मी उठून गेले. जायला नको होतं.

शुक्रवार, १० एप्रिल

बाबा आज खुशीत. पुढच्या शनिवारी, अठराला, बेटावर पक्षाची सभा. निवडणुकीसाठी त्यांचं नाव वर्ना आत्या सुचवणार — तिने स्वतःहून मागून घेतलं! सगळ्या बेटासमोर सांगणार आहे, माझ्या भावाने मला कधी फसवलं नाही.

मी तिच्याकडे आदल्या दिवशी जाते, खरं सांगायला. शुक्रवार, १७ एप्रिल.