मागच्या बाकाची पोस्ट

सोमवार, ४ ऑगस्ट
आलो एकदाचे! दोन खोल्या, एक गॅलरी, आणि कॉलेज इतकं जवळ की घंटा ऐकून चपला घातल्या तरी चालेल. सामान उतरवतानाच भाचीने घरमालकिणीशी गट्टी जमवली. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असला की मला बोलावं लागत नाही, हे फार सोयीचं आहे. तिची आई, माझी ताई, जाऊन आठ महिने झाले. सुरुवातीला भाची बाहेरून आली की दारातूनच हाक मारायची, कोणी आहे का? मी आतल्या खोलीत असायचे आणि ओ द्यायचे नाही. का, ते सांगता येत नाही. आता ती तशी हाक मारत नाही.

यंदा ती मी शिकवते त्याच भूगोलाच्या वर्गात आहे. वर्गात एकतीस जण. प्रश्न विचारला की ज्याला सगळे 'वकील' म्हणतात तो मुलगा एकटा वाद घालतो, बाकीचे पायाचे अंगठे बघतात. म्हणून ऑनलाइन चर्चाफलक सुरू करतेय. दर आठवड्याला प्रत्येकाने एक पोस्ट टाकायची, दोन उत्तरं द्यायची.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
फलक चांगलाच रंगला. वर्गात ज्यांच्या तोंडून अक्षर फुटत नाही ती मुलं, नदीतला वाळूचा कण समुद्राला कधी पोचतो यावर हमरीतुमरीवर आली.

संगणक खोलीतल्या तंत्रज्ञाने मेहनत वाचवायला गेल्या वर्षीचाच फलक उचलून दिलाय. त्यात एक जुनी पोस्ट राहून गेली. टोपणनाव 'मागचा बाक', मजकूर एवढाच: कोणी आहे का? वर्षभरात एकही उत्तर नाही. तंत्रज्ञ म्हणाला, तो मुलगा मध्येच यायचा बंद झाला, कोणी चौकशी केली नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मी नियम टाकला: एकही पोस्ट उत्तराविना राहता कामा नये, अशा पोस्टला उत्तर देईल त्याला एक गुण जास्त. पाच मिनिटांत वकिलाने लिहिलं, आहे. त्याखाली लगेच मागच्या बाकाची नवी पोस्ट आली: आणखी कोणी?

मंगळवार, १२ ऑगस्ट
वकील आज गप्प. हजेरीलाही ओ दिली नाही. डोळे उघडे, हात बाकावर. आजारी नाही, रिकामा वाटला. मी टेबलावरच्या संगणकात फलक उघडला, तर त्याच मिनिटाला त्याची दहा ओळींची पोस्ट आली, नेहमीच्या तिरकस भाषेत. त्याचा मोबाइल माझ्यासमोर टोपलीत होता, बंद. घाबरायला हवं एवढं कळलं. भीती मात्र आली नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट
अकरा जण तसेच. अकराही जणांनी मागच्या बाकाला उत्तर दिलं होतं. प्राचार्य खूश, वर्गात शिस्त आली म्हणाले. तंत्रज्ञाने फलक तीनदा पुसला, तीनदा तो परत आला; मग त्याने काखा वर केल्या.

घरी येऊन भाचीला बजावलं, तू उत्तर देऊ नकोस. ती म्हणाली, मावशी, हाक मारल्यावर ओ आली नाही की कसं वाटतं ते मला माहीत आहे. मी उठून आतल्या खोलीत गेले.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
भाची सकाळपासून टेबलाशी बसली आहे. चहा निवला. हाका मारल्या, गदागदा हलवलं. डॉक्टर नाडी उत्तम आहे म्हणाले आणि गेले.

घर इतकं शांत — आता भीती वाटतेय. आठ महिन्यांची, एकदम.

शनिवार, १६ ऑगस्ट
फलकावर ती बोलतेय. घरमालकिणीची नक्कल, वकिलाची थट्टा. इथे पापणीसुद्धा —
ओ द्यावी तर मीही अशीच होणार. मग हिला भरवणार कोण —

रविवार, १७ ऑगस्ट
सकाळपासून तिची एकच पोस्ट. पुन्हा पुन्हा.
मावशी, आहेस का?
तेव्हाही मी आतच होते. सगळं ऐकू येत होतं —
घरमालकिणीला किल्ली दिली. आजपासून दोघींना भरवावं लागेल म्हटलं. तिला कळलं नाही —
उत्तर टाकलं.
इकडे शब्द कमी — ती हसतेय, तिकडे —
आहे गं. आहे. मी इथेच आ