बाबांच्या चौदा ओळी

११ जानेवारी
वाटणी झाली. बाबांच्या पिनो न्वार द्राक्षवेलींच्या चौदा ओळी. सात माझ्या, सात धाकट्या बहिणीच्या, ओदिलच्या. ओदिल नोटरीकडे बाबांची टोपी घालून आली. बाबांची टोपी! माझं डोकंच फिरलं. नोटरी अख्खा कागद मोठ्यानं वाचत होता, मी अक्षर ऐकलं नाही. सही ठोकली आणि बाहेर. कागद फडताळात. वाचायचंय काय? रस्त्याकडच्या सात चांगल्या, म्हणजे थोरल्याच्या.

संकल्प: ओदिलशी बोलणं बंद. घरात तिचं नाव नको. यंदा बाबांच्या नावानं वाइनचं एक पिंप असं काढीन की अख्खं गाव तोंडात बोटं घालेल.

२० फेब्रुवारी
छाटणी पूर्ण. एकट्यानं. कंबर गेली. भिंतीकडच्या तिच्या ओळींना अजून कात्री नाही. टोपी घातली की वेली छाटल्या जातात असं वाटत असावं बाईंना!

४ मे
ओदिल बांधावर उभी राहून बघत होती. हसली. जळते मेली. मी पाठ फिरवली.

१८ जून, जेवताना
पाऊस हटत नाही. चौथी फवारणी केली. भिंतीकडे पानोपानी बुरशी, बाबा असते तर रडले असते. जिस्लेन (माझी बायको, पण बाजू कोणाची कोण जाणे) म्हणाली, ओदिल विचारत होती, कागद वाचलास का. चमचा आपटला. सूप सांडलं. तेही ओदिलमुळेच.

९ ऑगस्ट
उरलेल्यांत रस उतरावा म्हणून निम्मे हिरवे घड कापून टाकले. जीव तुटला. जिस्लेननं पुन्हा कागदाचं काढलं. रेडिओ मोठा केला.

१६ सप्टेंबर, सकाळी ८
दहा तोडणारे घेऊन ओदिल माझ्या ओळींत! दरोडा! आठ महिन्यांनी तिच्याशी पहिला शब्द बोललो. तो इथे लिहीत नाही. तिनं कागद पुढे केला. बाबा भिंतीपासून मोजायचे, म्हणून थोरल्याला भिंतीकडच्या सात. रस्त्याकडच्या तिच्या.

म्हणाली, मी कागद वाचलाच नसेल अशी तिला आधी शंका आली होती, म्हणून तर जूनमध्ये निरोप धाडला. उत्तर नाही, फवारणी मात्र चालूच. मग तिला वाटलं, तोंडानं बोलवत नाही म्हणून बिचारा राबून माया दाखवतोय. गावभर सांगितलंय म्हणे, भाऊ असावा तर असा. तोडणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नालायक.

१७ सप्टेंबर
भिंतीकडच्या सात ओळी तोडल्या. अर्धी बादली. त्यातही निम्मे घड कुजके. बाबांचं पिंप ओदिलच्या तळघरात आंबतंय.

रस्त्याकडून मोजल्या, भिंतीकडून मोजल्या. चौदाच.

१ ऑक्टोबर
हंगाम संपल्याचं जेवण, ओदिलकडे. मेलो तरी जाणार नाही.

१ ऑक्टोबर, दुपारी ४
गेलो. जिस्लेननं कोट इस्त्री करून ठेवला होता. ओदिलनं सगळ्यांसमोर बाबांची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. म्हणाली, थोरल्याचा मान. आणि फेब्रुवारीत छाटणीला येशील ना? हो म्हणालो.

टोपी मला होत नाही.