ईता म्हणजे तहान

९ जानेवारी १९५१
नाव ठेवून आले! मला न विचारता. बाळंतिणीनं चर्चमध्ये जायचं नसतं, म्हणून सासूबाई आणि मॉस पोरीला शालीत गुंडाळून घेऊन गेले. मी कॅथलीन सांगितलं होतं.
"ईता ठेवलं," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या गावची संत. तीच सांभाळेल."
मॉस आपल्या बुटांकडे बघत उभा. नवरा म्हणे!

१० जानेवारी
पोर पीत नाही. तोंडात घेते, चुळबुळते, सोडते. जरा गिळलं की नाकातून दूध येतं. माझा थोरला, बॅट, तोही असाच करत गेला — नको. लिहायचंच नाही.

११ जानेवारी
फादर लेसी आले होते. नावाचा अर्थ मीच विचारला. कशाला विचारला!
"ईता म्हणजे तहान. आपल्या जुन्या आयरिश भाषेतला शब्द. तिचं पाळण्यातलं नाव डेअर्ड्रा, असं म्हणतात. पण देवाची तहान एवढी, की लोकच ईता म्हणायला लागले."
"आणि खायची-प्यायची काय?"
"छे, उपासांवर उपास! शेवटी देवदूतच ताट घेऊन आला म्हणे." ते हसले.
 उपाशी राहणारीचं नाव — माझ्या पोरीला!

१३ जानेवारी
सासूबाईंशी कडाक्याचं भांडण.
"बदला ते नाव!"
"बाप्तिस्म्याचं पाणी पुसता येतं होय गं?"
"ते नाव तिला पिऊ देत नाही!"
त्या शेगडीत जळणाला पीटची वाळली ढेकळं सारत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बॅटचं तर साधंच ठेवलं होतं ना, पोरी? मला दुसरं काही सुचलं नाही." 

१५ जानेवारी
आज संतबाईचा सण. सगळं गाव तिच्या जुन्या चर्चच्या पडक्या भिंतींपाशी प्रार्थनेला गेलंय. सासूबाईही. घरात मी आणि ही. रडणं मांजराच्या पिल्लाएवढं. मग तेही थांबलं. नाकाशी कान नेला — श्वास आहे. देवा, संत ईते, तुझी तहान तुला लखलाभ! हिला दुधाची दे!
मॉस सायकलवर नर्सला आणायला गेलाय. अजून आला नाही.

१६ जानेवारी
नर्स कुलहेननं पोरीच्या तोंडात बोट घातलं. "अगं, टाळूच जन्मापासून फाटलीये हिची, पार मागे! पिणार कशी? ओढताच येत नाही बिचारीला."
बॅटचंही हेच असेल? विचारलं नाही.
उभं धरून चमच्यानं पाजलं. चमचा काढला की रडते — केवढ्यांदा!